न गळणारी ओंबी

...आणि वर साहेब मलाच विचारतात, "मॅडम, एका झाडासाठी रडता?" रडू नको तर काय करू? तुम्हाला सांगते, आमच्या संशोधन केंद्रातल्या गव्हाच्या सगळ्या जाती एकमेकींच्या इतक्या सख्ख्या झाल्या होत्या, की एकीवर तांबेरा आला की अख्ख्या शेतावर आलाच! म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे माझ्या गुरू हो, एक रानटी गवत आणलं. त्याला तांबेरा शिवत नव्हता. गव्हाशी संकर केला... रोग गेला, पण गवताची खोड आली. दाणे पिकले रे पिकले, की मातीत! कापायचं काय, कपाळ?

"अगं, रोग न येणं आणि दाणे गळणं, दोन्ही गुण गुणसूत्राच्या एकाच धाग्यावर शेजारी शेजारी बसलेत," बाई म्हणायच्या. "परागकण होताना आईबापांचे धागे तुटून अदलाबदल होते ना, तेव्हा नेमकं या दोघांच्या मधे तुटायला हवं." पण तुटणार कधी? गव्हाला कुठं घाई असते! बाई निवृत्त झाल्या, आजारी पडल्या, मी आपली दर हंगामात ओंब्या हलवतेय... गळली, गळली, हीपण गळली!

आणि गेल्या हंगामात एक गळेना! पानं स्वच्छ, दाणे घट्ट! दवाखान्यात फोन केला. बाईंचा आवाज म्हणजे नुसती फुंकर... "कापू नकोस. उभी बघायचीय मला." नाही कसं म्हणणार? झाडावर कागदी पिशवी बांधली. सकाळी त्यांच्या मुलानं त्यांना चाकाच्या खुर्चीतून शेतात आणलं... तर पिशवी वाऱ्यानं फाटलेली आणि ओंब्यांवर चिमण्या! बरोबरच आहे हो, बाकीच्या झाडांवर दाणा होताच कुठं? आम्ही इतकी वर्षं शोधत होतो, ते चिमण्यांनी एका सकाळीत निवडलं!

बाई रिकाम्या ओंबीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुटतं गं. मधेच तुटतं!" आणि चक्क हसल्या. "खालचे सगळे दाणे वेच. एखादा हिचा असेल."

खाली तर शेजारच्या झाडांच्या दाण्यांचा सडा! कोण कुणाचा, ओळखायचं कसं? सगळे वेचले, सगळे पेरले. अंकुर दिसायच्या आत बाई गेल्या. गव्हाला कुठं घाई असते...

काल पीक तयार झालं. एकेक ओंबी हलवत गेले. सगळ्या गळल्या. शेवटचीसुद्धा! साहेब म्हणाले, "आता?" आता काय, पुन्हा संकर, पुन्हा पेरणी. सवयीनं मी बाईंना फोन लावला... मुलानं उचलला. म्हटलं, "काही नाही रे, सहज."