जाळीवरची पाटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ट्रस्टचे संस्थापक माननीय बाळासो इंगवलेसाहेब, व्यासपीठावरील सचिव अतुलसर व विश्वस्त मंडळी, आजचे सत्कारमूर्ती, रुग्णवाहिकेचे चालक केरबामामा, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी अंबूबाई, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी संघप्रिया कांबळे, ट्रस्टच्या गाड्यांची देखभाल माझ्याकडे असते. माझ्याआधी बोललेल्या सगळ्यांनी मामांच्या नम्रतेचं कौतुक केलं. ते ऐकून मला बरं वाटलं नाही. निरोपाच्या दिवशी कडू बोलू नये, हे मलाही कळतं. पण मामांच्या नावावर डाग तसाच ठेवून खांद्यावर शाल घालायची, हे मला जमणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात शिरोळहून पेशंट आणताना रुग्णवाहिका हातकणंगल्याच्या पुढं वाफ सोडत बंद पडली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आत बाळंतपणाला अडलेली बाई होती. मामांनी रस्त्यात आडवं उभं राहून सीटा भरून चाललेली एक वडाप जीप थांबवली आणि हात जोडले, "पावणं, बाई अडलीया, तेवढी दवाखान्यात पोचवा की." बाई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. त्या वडापवाल्याचे आभार ट्रस्टनं अजून मानलेले नाहीत, ते मी आज मानते.

आपण काय केलं? याच सभागृहात मामांना उभं केलं. त्यांनी पाणी बघितलं नाही, गाडी भलत्या गिअरमध्ये रेटली, असं ठरवून टाकलं. मामा म्हणाले, "साहेब, पाणी बघूनच निघालतो." कुणी ऐकलं? सगळ्यांसमोर त्यांना माफी मागायला लावली, किल्ली काढून घेतली आणि गेटवर बसवलं. जन्मभर स्टिअरिंग धरलेला माणूस नोकरीचे शेवटचे महिने येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करत बसला.

गाडी मात्र तापतच राहिली. नवा चालक आला, तरी काटा वरच. मी कूलंट बदललं, होज पाईप तपासले, थर्मोस्टॅट नवा घातला, वॉटर पंप उघडून बघितला, रेडिएटर उद्यमनगरात नेऊन आतून साफ करून आणला. वर्कशॉपमध्ये कितीही वेळ इंजिन चालू ठेवा, काटा मधोमध शांत. जोतिबाच्या घाटाला लावली की लाल. मग लक्षात आलं, वर्कशॉपमध्ये आम्ही बॉनेट उघडं ठेवतो, तेव्हा रेडिएटरला वरून हवा मिळते. बॉनेट बंद केलं की हवा समोरच्या जाळीतूनच यायची. आणि जाळीवर काय आहे? साहेबांच्या एकसष्टीला बसवलेली पाटी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधोमध साहेबांचा हसरा फोटो. खंडेनवमीला आम्ही गाडीला हार घालतो, तोसुद्धा साहेबांच्याच गळ्यात पडतो.

पाटी उतरवून मी गाडी घाटात नेली. काटा जागचा हलला नाही. पाटी परत लावली, काटा परत लाल. ही पाटी लागायच्या आधी ही गाडी कधी तापली होती का, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं.

मी सचिवांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, माणूस धडधाकट असताना त्याचा फोटो उतरवायचा? अभद्र दिसतं ते." मग बैठकीत तोडगा निघाला, पाटीला भोकं पाडू. पण ती कपाळावर पाडायची की गालावर, यावर घोडं अडलं. चहा झाला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. तो अजून तिथंच आहे. साहेब, हे आपण सांगितलंत असं मी म्हणत नाही. आपल्याला कुणी विचारलंच नाही. पण साधी पाटी काढू का, हे विचारायची सगळ्यांना एवढी भीती का वाटते, याचा विचार आपण करावा. मला तर त्याचा संताप येतो.

काल मामा मला म्हणाले, "काय बोलू नगं पोरी. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, गप घरला जायचं." अंबूबाई म्हणाल्या, "बोल गं तू. गावात इचारत्यात मला, तुझ्या मालकानं गाडी जाळली म्हणं?" अंबूबाई, गावात सांगा, गाडी मामांनी जाळली नाही. त्यांची काही चूक नव्हती. हे मी माईकवरून सांगते आहे.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. पुन्हा बहुधा देणार नाहीत. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. मामांसारखी सगळ्यांसमोर उभं करून माफी हवी असेल, तर मी उभीच आहे.

आणखी एक. आज सकाळी मी ती पाटी उतरवली आहे. दुरुस्तीनंतर ट्रायल घ्यावी लागते, ती आज त्याच रस्त्यानं शिरोळपर्यंत होईल. ही किल्ली. मामा, गाडी तुम्ही चालवायची, अंबूबाई शेजारी बसतील, मी मागं बसेन. पाटी वर्कशॉपच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे, बोल्ट डबीत आहेत. ज्यांना ती परत जाळीवर लावायची असेल, त्यांनी स्वतः यावं. पाना मी देईन.