शोकेसमधली भाची

हॅलो?… कोण?… अगं बारके, तू! मावशीची बरी आठवण झाली. झाली का निवड चाचणी?… अजून नाही? दुपारी? मग आत्ता फोन कशाला करतेस, डोळे मिटून बस जरा… आवाज का गं असा? जेवलीस का?

…कसला फोटो?

…हो, आहे ना. शोकेसमध्ये. तुझाच. रायफल खांद्याला, डाव्या डोळ्यावर झापड, उजव्यापुढे मी घासलेलं भिंग… अगं काय रुबाबात दिसतेस! खाली लिहिलंय, 'हिचा नेम, आमचा चष्मा.' मलाच सुचलं ते… तक्रार? कसली तक्रार?

…म्हणजे काय, हौशी खेळाडू? हौस म्हणूनच खेळतेस ना तू?… हो, हो… ऐकतेय. हौशी गटात खेळणाऱ्यानं आपला फोटो कुठल्याही दुकानाच्या जाहिरातीला द्यायचा नाही. अगं पण जाहिरात कुठली, मावशीचं दुकान ते! त्या फोटोनं एक फ्रेम खपली असेल तर शपथ…

…बरं बाई, नियम तो नियम. आणि मोडला तर?

…गटातून नाव काढतात? म्हणजे आज दुपारी… अरे देवा.

कोण मेला तो तक्रारवाला?… उंचसा? करड्या मिशांचा? त्याची मुलगी पण नेमबाज?… थांब. थांब, थांब. परवा आला होता तो इथे, फ्रेम नाकाला रुतते म्हणून. अगं, मीच त्याला खुर्चीवरून उठवून बाहेर नेलं, तुझा फोटो दाखवायला. 'ही माझी भाची' म्हणून! त्यानं मोबाइल काढला तर वर म्हणते, काचेवर चमक येतेय, जरा डावीकडून घ्या… हो गं, मीच. माझ्या जिभेला हाडच नाही.

थांब, आत्ताच्या आत्ता उतरवते… आजोबा, जरा उठा हो, खुर्ची हवीय मला. तुमच्या चष्म्याची काडी बसवते, पळून जात नाही ती… हं, बोल. मी चिकटपट्टी ओढतेय… निघत नाही गं मेली… फाटला! अय्या, तुझी हनुवटी राहिली काचेवर. नखानं खरवडते…

…काय 'मावशी ऐक, मावशी ऐक' लावलंयस? ऐकतेच आहे. तू आधी सांग, त्यांनी विचारलंय काय नेमकं?… तुझी संमती होती का. एवढंच? मग म्हण ना, मला माहीतच नव्हतं. मावशी माझी आगाऊ आहे, तिनं परस्पर लावला. आहेच मी आगाऊ!

…पाहिला होतास? कधी?

…हो. स्क्रू आवळून घ्यायला आलीस तेव्हा. आठवलं. वाकडा लागलाय म्हणून तूच सरळ केलास. हसलीस पण… मला वाटलं, आवडला तुला. विचारायला हवं होतं मी. पण मी कधी कुणाला विचारलंय…

हे बघ, तेव्हा दुकानात होतं कोण? तू नि मी. तिसऱ्या कुणाला ठाऊक आहे?… 'पण' काय त्यात? पहाटे उठून त्या गारठ्यात रेंजवर उभी राहायचीस, बोटं बधिर व्हायची तुझी, ते सगळं माझ्या खुळेपणापायी घालवायचं? तुझी आई मला दारात उभी करायची नाही, आणि बरोबरच आहे तिचं. मला घास उतरायचा नाही गं घशाखाली… अगं ऐक ना…

…काय? कोण आलं? पंचबाई? माझ्याशीच बोलायचंय? दे ना, दे… तू गप्प, मला बोलू दे आता. मी केलंय, मीच निस्तरते.

हॅलो, नमस्कार मॅडम. हो, मीच तिची मावशी. चष्म्याचं दुकान, हो. फोटो मीच लावला. काढलाही, आत्ताच, हे बघा… म्हणजे, हातात आहे माझ्या. चूक माझी, शंभर टक्के माझी… हो, विचारा ना.

…तिला?

…नाही. नाही हो. तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं पाहिलासुद्धा नाही… हो, खात्रीनं सांगते… हो, अगदी शपथेवर… बरं. थँक्यू हं मॅडम.

हॅलो, बारके? झालं. मिटवलं बघ सगळं… चिडल्या नव्हत्या गं त्या, नुसतं 'बरं' म्हणाल्या… मघापासून काय सांगत होतीस? बोल आता. नाही बोलत मी मध्ये.

…

…कधी सांगितलंस त्यांना?

…मला फोन करायच्या आधीच. सगळं? सरळ केलास तेसुद्धा?

…मग त्या काय म्हणाल्या होत्या?… ताकीद. नुसती ताकीद. फोटो उतरवायचा, मावशीशी बोलून खात्री करायची, की तू दुपारी नेम धरायला मोकळी…

नका हो आजोबा, आत्ता काही विचारू नका…

बारके, त्यांना बोलाव परत. पाया पडते त्यांच्या. सांगते, खोटं मी बोलले, पोरगी खरं बोललीय… गेल्या? आता कुणाचं खरं ते समिती ठरवणार?… कधी? पुढच्या आठवड्यात? आणि दुपारचं?

…म्हणजे आज नाहीच.

…माझ्यावर ओरड ना गं. काहीतरी बोल… हा कसला आवाज? रायफल पेटीत घालतेयस? नको ना गं घालू, थांब जराशी…

हॅलो?… बारके?… बोल ना गं. मी ऐकतेय.