मंगळवारचं कुणी बोललं नाही

हेलमेर : …आधी फोनवर घसा खाकरायचा तुझा बाप, तूरे. दोनदा. मग सावकाश, जणू शेजारी बसून सांगतोय असं, "मी अल्गोत बोलतोय. आज गुरुवार. वारा उत्तरेचा, आभाळ खाली आलेलं. बेटामागे बर्फात भोकं पाडली, सगळी मुकी. बसलो, बसून राहिलो. मासा नाही. कॉफी संपली तसा घरी आलो." बस्स. खट्. रेकॉर्डिंगचं यंत्र बंद.

इल्वा : आणि आम्ही पोरं परत तोच नंबर फिरवायचो. परत तेच, "कॉफी संपली तसा घरी आलो." आई ओरडायची, फोन आहे की खेळणं म्हणून. तूरेकाका, तुमच्या बाबांचा आवाज मला अजून ऐकू येतो. मालमोत, शहराच्या बसमध्ये उभी असते आणि मधेच कुठूनतरी तो घसा खाकरतो.

तूरे : हं.

हेलमेर : पाद्रीबुवांचं कुणी ऐको न ऐको, संध्याकाळी तळ्याची खबर सगळं गाव ऐकायचं. अल्गोत जा म्हणाला की जायचं. नको म्हणाला की चुलीशी बसायचं.

इल्वा : पाव घ्या ना, तूरेकाका. वेलदोड्याचे. तुमच्यासाठीच केलेत.

तूरे : नको गं.

इल्वा : नको कसं? आल्यापासून हात लावला नाहीत. कॉफीत भिजायला टाकलेलं चीजसुद्धा तळाशी तसंच पडलंय. माझ्या बाबाला पाण्यातून ओढून काढणारा माणूस, त्याला मी उपाशी पाठवू?

तूरे : भूक नाही, पोरी.

हेलमेर : नसेल त्याला भूक. पेपरात फोटो छापून आल्यापासून वाऱ्यावर जगतोय तो.

तूरे : फोटोचं काढू नकोस, हेलमेर.

हेलमेर : का रे? चांगला आलाय की. टोपी तेवढी वाकडी. तुझं नाव जाड अक्षरात, आणि मी कोण, तर "एक वृद्ध गृहस्थ". बुडायचं मी, थंडीने निळं पडायचं मी, आणि नाव तुझं.

इल्वा : बाबा, ही पातेली मालमोला माझ्याकडे न्यायची की इथेच ठेवायची?

हेलमेर : एक दे बांधून. तिथे मी काय शिजवणार आहे? तू शिजवशील, मी खाईन, आणि खिडकीतून खालच्या गाड्या मोजीन.

इल्वा : असं बोलू नकोस रे.

हेलमेर : चेष्टा केली.

इल्वा : चेष्टा नव्हती ती. तूरेकाका, तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका. आणि मला तरी कुठे धीर होतोय? सगळा जन्म या तळ्यावर काढलेला माणूस नाल्याच्या तोंडाशी बर्फावर पहार ठोकून न बघता पुढे जातो? मी एवढीशी होते तेव्हा यानेच मला गाणं शिकवलेलं. पहारीच्या ठेक्यावर म्हणायचं,
"ठक ठक, घरात कोण?
घरात पाणी जागं.
येऊ का गं पाय ठेवून?
दार कच्चं, जा मागं."

हेलमेर : तुझ्या आजीचं आहे ते. मी फक्त पुढे दिलं.

इल्वा : तेच म्हणतेय मी. ज्याच्या रक्तात हे गाणं आहे तो विसरेल कसा? आणि विचारलं की एकच. ठोकलंस का, बाबा? आठवत नाही. आवाज कसा आला? आठवत नाही. पाण्यात पडलास ते आठवतं, तूरेकाकांनी शिडी सरकवली ते आठवतं, त्याआधीचं मात्र सगळं कोरं. अशा माणसाला मी इथे कशी ठेवू? उद्या चूल पेटवेल आणि विसरेल.

हेलमेर : म्हातारपण गं. त्याला आणखी काय नाव द्यायचं?

तूरे : तो म्हातारा नाहीये, इल्वा.

हेलमेर : तुझ्याहून एका हिवाळ्याने मोठा आहे मी. शाळेत तूच सगळ्यांना सांगत फिरायचास.

तूरे : डोकं शाबूत आहे त्याचं. माझ्याहून शाबूत.

इल्वा : तुम्ही मित्र आहात, तुम्ही असंच म्हणणार. हे खोकं गाडीत ठेवून येते. उद्या उजाडताच निघायचंय, आणि याचे बूट अजून बाहेरच आहेत.

(इल्वा खोकं उचलून अंगणात जाते.)

हेलमेर : दाराआड बघ. उभं आहे ते घेऊन जा.

तूरे : काय?

हेलमेर : गिरमिट. पातं परवाच घासलंय, सवयीने. घासून झाल्यावर आठवलं, आता भोकं कुठे पाडायची? इल्वाच्या न्हाणीघरात?

तूरे : मी नाही घेणार.

हेलमेर : मग काय भंगारात देऊ? त्या गिरमिटाने तुझ्या लग्नाच्या जेवणाचे मासे काढलेत, लेका. लालपोटे, हातभर एकेक. तुझी बायको अजून नाव काढते.

तूरे : म्हणूनच नाही घेणार. हेलमेर, मला तुला एक…

हेलमेर : बर्फ फुटायला लागला की पात्याला तेल लाव. पुसून नाही, चांगलं निथळेल असं लाव.

तूरे : ऐक तरी. त्या मंगळवारी मी…

हेलमेर : राहू दे.

तूरे : मी काय सांगतोय तेच तुला माहीत नाही.

हेलमेर : दवाखान्यात पाठीवर पडून होतो रे. वर पांढरं छत. तळ्यासारखंच, फक्त भोक पाडता येत नव्हतं. तसं पडलं की माणूस मागचा एकेक दिवस उचलून बघतो. सोमवार बघितला. मंगळवार बघितला. राहू दे म्हटलं ना.

तूरे : का राहू दे? दवाखान्यात आलो तेव्हाही असंच केलंस. मी तोंड उघडलं की तू नर्सला हाक मारायचास.

हेलमेर : चांगली होती ती नर्स.

तूरे : हेलमेर.

हेलमेर : कारण मी चाललोय, आणि तू इथे राहणार आहेस. पुढच्या हिवाळ्यात बापासारखी तूच फोनवर खबर देशील आणि गावातली माणसं ती ऐकून तळ्यात उतरतील. त्यांनी एकदा तुझ्याकडे पाठ फिरवली तर तू दुकानातसुद्धा जाणार नाहीस. तुला मी ओळखत नाही का?

तूरे : म्हणून तू विसरभोळा व्हायचं? म्हणून हे घर सोडायचं?

हेलमेर : घराचं काय. इथे राहिलो तर रोज रस्त्यात तू भेटशील. मान खाली घालून जाशील. ते मला बघवणार नाही.

तूरे : मान तर आत्ताही खालीच आहे.

हेलमेर : ती बघतोय मी. पाव खा एक. ती येईल आत्ता, तिला बरं वाटेल.

(इल्वा परत आत येते.)

इल्वा : काय कुजबुजताय दोघं? थंडी बघा काय पडलीय. तळं कण्हतंय, इथपर्यंत ऐकू येतंय. तूरेकाका, तुमची शिडी आमच्या शेडला टेकलेली आहे अजून. त्या दिवसापासून. तुमच्या ओढायच्या स्लेजवर बांधून देऊ का?

तूरे : नेतो मी नंतर.

इल्वा : शिडी बघितली आणि आठवलं. तुम्हाला विचारीन विचारीन म्हणत होते. दुकानातली गुन्बोर मला म्हणाली, बुधवारी सकाळी तुम्ही शिडी नि दोर स्लेजवर टाकून तिच्या दारावरून पळत गेलात. टोपीसुद्धा नीट नव्हती. ती म्हणते, कुठे आग लागली म्हणून ती बाहेर आली, तर हाक नाही, बोंब नाही, सगळं शांत.

हेलमेर : छपरावरचा बर्फ पाडायला चालला असेल.

इल्वा : तळ्याकडे, बाबा? तळ्याला कुठलं छप्पर? आणि तू तेव्हा पडलाही नव्हतास. तूच मला सांगितलंस, पाण्यात गेलो आणि वर बघतो तो तूरे किनाऱ्यावरून ओरडतोय, हात पसर, हात पसर. म्हणजे ते आधीच निघाले होते.

तूरे : खिडकीतून दिसला मला. याची लाल स्लेज, नाल्याच्या दिशेने.

इल्वा : बरं मग? तो तर रोज जातो गरवायला. रोज तुम्ही शिडी घेऊन धावता त्याच्यामागे?

तूरे : नाही.

हेलमेर : इल्वा, कॉफी गार झाली बघ. दुसरी ठेव.

तूरे : ठेवू नकोस गं. बस जरा. आणि हेलमेर, तू आता मधे बोलायचं नाही.

इल्वा : काय झालं?

तूरे : सोमवारी मला नाल्याच्या तोंडाशी लालपोटे मिळाले. ते खरं आहे. बर्फही चांगला होता, काळा, घट्ट. मंगळवारी मी परत तिथेच गेलो.

इल्वा : मंगळवारी?

तूरे : रात्रीत खालचं पाणी उतरलं होतं. बर्फ राखाडी पडलेला, वरच्यावर लोंबत होता, खाली आधार नाही. पहार ठोकली तर रिकाम्या पिंपासारखी वाजली. मी घाबरलो, इल्वा. एवढा घाबरलो की उभं राहवेना. आधी गुडघे टेकले, मग पोटावर पडलो आणि सरपटत किनाऱ्याला आलो. गळ सोडला नाही, भोक पाडलं नाही. स्लेज तिथेच टाकून आलो, नंतर दोराने ओढली. दिवस संपला.

इल्वा : पण मंगळवारी संध्याकाळी तुमची खबर आली होती. मालमोत भांडी घासता घासता मी फोनवर ऐकली. "नाल्याच्या तोंडाशी लालपोटे भुकेले आहेत, ज्याला जमेल त्याने जावं."

तूरे : सोमवारचे लालपोटे. मंगळवारचं मी काहीच बोललो नाही.

इल्वा : का?

तूरे : बाबा रिकाम्या दिवसांचं बोलायचे तेव्हा कुणी हसायचं नाही. मी बोललो की हसायचे. तूरेने खबर दिली, आता रडायला कुणाच्या घरी जायचं, असं म्हणायचे. मासेमारी मंडळाची पोरं म्हणाली, काका, मासे मिळतील तेव्हाच बोला ना. मग मी रिकामे दिवस गाळायला लागलो. दोन हिवाळे झाले. ऐकणारे वाढले. मला… मला ते आवडायला लागलं होतं गं. त्या संध्याकाळी फोन तोंडापाशी धरला, आणि "पोटावर सरपटत घरी आलो" एवढं काही तोंडातून निघेना. म्हटलं, उद्या सांगू. एका रात्रीत कोण जातंय.

इल्वा : आणि बाबा गेला.

तूरे : रात्रभर झोप नव्हती. पहाटे ठरवलं, उजाडलं की सांगायचं. उजाडलं तेव्हा खिडकीत लाल स्लेज.

इल्वा : तुमचा तो फोटो मी फ्रिजवर लावलाय, तूरेकाका. माझी लेक झोपताना त्याला हात करते.

तूरे : काढून टाक.

इल्वा : तुम्ही त्याला बाहेर काढलंत. आणि तुम्हीच… मला खरंच कळत नाही.

तूरे : तू काही बोलू नकोस. आज संध्याकाळी मी खबरीत सगळं सांगणार आहे, मंगळवारपासून. मग गाव काय म्हणायचं ते म्हणेल. पण याला मालमोला नेऊ नकोस. हा काहीएक विसरलेला नाही.

इल्वा : बाबा, तुला माहीत होतं हे?

हेलमेर : अंदाज होता.

इल्वा : मग आठवत नाही, आठवत नाही काय लावलं होतंस? मी तुला भ्रम झालाय समजत होते. डॉक्टरांसमोर तुला वार विचारले, महिने विचारले. रात्री बाथरूममध्ये दार लावून रडायचे मी. तुझ्या खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवला.

हेलमेर : कुठला?

इल्वा : बाबा.

तूरे : सांग तिला, हेलमेर. माझं सांगून झालं. तुझं आहे ते आता तू सांग.

हेलमेर : ठोकलं होतं गं मी. पोकळ वाजलं. थांबलो, टोपी मागे सारली, कान उघडे करून पुन्हा ठोकलं, तरी तसंच. बराच वेळ उभा होतो तिथे. मग मनात म्हटलं, बर्फ कच्चा असता तर तूरे बोलला असता.