शंभरातले उरलेले दोघं

जय ख्रिस्त, मंडळी! पुढं बसलेल्या पोरांनो, डोळे मिटा. ए, एक डोळा उघडा ठेवायचा नाही! आता डोळ्यांपुढं आणा, एक चकचकीत कागद. वर काचेची उंच इमारत, खाली मोठ्ठे आकडे: शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना नोकरी! मला सांगा, अठ्ठ्याण्णव मोजले की मोजणी संपली का?

घाई नको. ऐका!

शेवगावकडच्या एका गावात शमुवेल उजागरे नावाचा माणूस. शाळेची बस चालवायचा. थोरली रोदा बारावी झालेली, धाकटी नामी नऊ वर्षांची. नामी कशी? प्रश्न विचारून विचारून पाळकसाहेबांचा चहा थंड करणारी!

रोदाला बी.एस्सी. करायचं होतं. मिशनची दोन कॉलेजं नजरेत. शहरातल्याची फी वर्षाला अडीच लाख, टेकडीवरल्याची सत्तर हजार. शमुवेल म्हणाला, "स्वस्त बघून पोरीचं नुकसान नको. घरामागची जागा विकू." जागा एकच होती हं, मंडळी! निवड चुकली, तर थोरली फसली आणि धाकटीसाठी काहीच उरलं नाही.

तिघं शहरात गेले. काय ते कॉलेज! फरशीत तोंड दिसावं! शमुवेलनं तर चपला दाराबाहेरच काढल्या! तिथल्या बाईंनी तोच कागद हातात दिला. रोदा हरखली. तेवढ्यात नामी —

"मॅडम, उरलेले दोघं कुठं आहेत?"

"कोण दोघं, बाळ?"

"ज्यांना नोकरी नाही मिळाली, ते."

"त्यांची नोंद आम्ही ठेवत नाही गं."

रविवारच्या शाळेत नव्याण्णव सोडून हरवलेलं एक मेंढरू शोधायला गेलेल्या मेंढपाळाची गोष्ट शिकलेली पोर ती! तिचं तोंड एवढंसं झालं.

मग टेकडीवर. पत्र्याचं छप्पर, अंगणात कोंबड्या! प्राचार्य थोरातसर म्हणाले, "गेल्या वर्षी सत्तावन्न मुलं बाहेर पडली. शेहेचाळीस कामाला लागली."

रोदानं बापाची बाही ओढली. "पप्पा, चला."

"सर, अकरा जण कुठं आहेत?" नामीनं विचारलं.

आणि मंडळी, सरांनी कागद काढला नाही, वही उघडली नाही. बोटांवर मोजायला लागले! "शोशन्ना, आई आजारी म्हणून घरी. आमच्या बाई शनिवारी तिला शिकवायला जातात. इम्मानुएल पुन्हा परीक्षेला बसतोय, इथंच जेवतो..." दहा बोटं, दहा नावं, दहा गावं! शमुवेलच्या मनात आलं, लेकरं कॉलेज सोडून गेली, तरी हा माणूस अजून मोजतोय!

बोटं संपली. सर म्हणाले, "अकरावा योनाथान भिंगारदिवे. फोन बंद, घर बदललं. आठ महिने शोधतोय." त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग रोदाच पुढं झाली. "सर, फॉर्म द्या."

आता तुम्हाला विचारतो. फी विचारा, नोकऱ्याही विचारा. विचारायलाच हव्यात! पण मागं राहिलेल्याचं नाव तिथं कोणाला ठाऊक आहे, हे विचाराल? आणि आपल्याच मंडळीत मागच्या बाकावर बसणारं कोण येईनासं झालंय? बघा, नाव आठवतंय का!

नामीनं काय केलं? रोदाचा फॉर्म भरून होताच तिच्या हातातलं पेन घेतलं. डाव्या तळहातावर सावकाश लिहिलं — योनाथान भिंगारदिवे. मूठ घट्ट मिटली आणि म्हणाली, "सर, पप्पांच्या बसमध्ये मी रोज खिडकीपाशी बसते. मी बघत जाईन."