सुरतेहून आलेला पंखा

...नाही, मी म्हणते, वादळात आधी माणसं घरात घ्यायची की पंखा? तुम्हीच सांगा! आभाळ पार तांबडं झालेलं, सातपुड्याकडून धुळीचा लोट निघालाय, मी अंगणात एकटी पापड गोळा करतेय, तोंडात माती, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे... आणि आमचे हे दारात उभे राहून ओरडतायत, "गोधडी कोठे शे? गोधडी लई ये!" मला वाटलं, माझ्या अंगावर घालायला मागतायत. कसलं काय, बाई! "पंखाले काही व्हयनं ते?"

पंख्याला काही झालं तर! त्या उन्हाळ्यात हे एकच वाक्य मी इतकं ऐकलं, की झोपेत मीच बडबडत असेन.

आणि पंखा कुणाचा? माझा! आदल्या वैशाखात भाकरी थापता थापता मी भोवळ येऊन चुलीपुढे पडले, ते माझ्या भावानं, शांतीलालनं, डोळ्यांनी पाहिलं. तो सुरतेला मिलमध्ये कामाला. आमच्या गावात, कळसाडीत, वीज आली असं कळलं, तसा बिचारा टेबलाचा पंखा मांडीवर घेऊन गाडीत बसून आला. म्हणाला, "ताई, तुन्ही चूल ते सुटाव नही, वारा तरी लागू दे."

लागला का वारा? सांगते ना. चुलीजवळ ठेवायचा नाही, धुरानं काळा पडतो. माजघरात नाही, उंदीर वायर कुरतडतात. मग कुठे? ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यापुढे, तिपाईवर, मी भरलेल्या रुमालावर! दुपारी जेवून हे त्याच्यापुढे आडवे. विचारलं तर म्हणायचे, "चालू ठेवना पडस, नही ते बिघडी जास." म्हणजे ह्यांनी घोरायचं तेही पंख्याच्या भल्यासाठी. मी जरा पुढ्यात टेकले, की लगेच, "बंद कर वं, तापी गया. पंखाले काही व्हयनं ते?"

तर ते वादळ. गोधडी, माझ्याच जुन्या लुगड्यांची, पंख्याला गुंडाळली, वरून सुतळी आवळली, आणि पंखा आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे नेऊन ठेवला. मी म्हटलं, चला, आता बाकीच्याचं बघू. गोठ्याचे पत्रे धडाधडा वाजतायत, एकाचा खिळा निघालाय, मी घसा फोडून सांगतेय, "अहो, तेवढा पत्रा दोरीनं बांधा..." तोच वीज कडाडली आणि सासूबाई उठल्या.

आमच्या सासूबाई म्हणजे जसोदाबाई! वीज कडाडली की घरात लोखंड ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम. वीज म्हणे लोखंड हुंगत येते. विळा, तवा, कुऱ्हाड, चिमटा, एकेक करून सगळं अंगणात. त्यांच्या माहेरचा पाणी तापवायचा बंब मात्र आत, तांब्याचा ना तो! माझ्या माहेरचं ते लोखंड. फेकता फेकता थांबल्या, कोठीकडे बोट केलं, "पितांबर, तो पंखा कशाना शे?"

ह्यांचा चेहरा बघायला हवा होता. मी म्हटलं, "राहू द्या हो, पिठाची गिरणी अख्खी लोखंडाची, तिच्यावर पडली का कधी वीज?" ऐकतोय कोण? उलट मलाच, "घरवर वीज पडनी आनि पंखाले काही व्हयनं ते?" म्हणजे पंखा वाचवायला पंखाच बाहेर! गोधडीसकट उचलला, गोठ्याच्या आडोशाला बाजेवर ठेवला, वर छत्री उघडून बाजेच्या पायाला बांधली. लग्न झाल्यापासून माझ्यावर कधी छत्री धरली नाही ह्या माणसानं. मला रडू आलं, खरंच सांगते.

आणि पत्रा सुटला... तोच, न बांधलेला. छत्री गेली केळीत, पत्रा आला बाजेवर. वीज? वीज गेली तापीपलीकडे, आमच्या लोखंडाकडे ढुंकूनही न बघता! गोधडी सोडून बघतो तर जाळी सपाट, पाती वाकडी, खालचं बूड फुटलेलं. सासूबाई काय म्हणाल्या असतील? "दखा, लोखंडवरच उना ना पत्रा? घरमा ऱ्हाता ते?"

म्हणे घरात असता तर पत्रा घरावरच आला असता. आणि ह्यांनी मान डोलावली हो!

वादळ ओसरलं, पाऊस थांबला, वारा पडला, आणि असा उकाडा सुरू झाला की श्वास घेववेना. हे ओट्यावर बसले पंखा मांडीवर घेऊन, डोळ्यांतून धारा, अंगावरून घामाच्या. शेजारीपाजारी येतायत, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून जातायत. माझे पापड चिखलात, त्याचं कुणी विचारलं नाही. माझ्या भावाचं नाव तर कुणाच्या तोंडातच नाही. तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायनी वं? वारा घाल त्याले."

घेतला पदर आणि बसले वारा घालत. करते काय? भावाच्या पंख्याचा मला एवढा एकच उपयोग झाला होता, दुपारचं ह्यांना वारा घालायचं काम सुटलं होतं... तेही परत गळ्यात पडलं.