टोपलीबाहेरचा मोबाईल

नाही ठेवला! एकाने, एकाने म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला नाही! कानबाईच्या पाटाला हात लावून सांगितलं, पोटच्या पोराची शपथ घेतली, की बाबांनो, ते लाईव्ह का फाईव्ह मी नाही केलं, मला व्हिडिओ बघता येतो, करता येत नाही, चौथी शिकलेली बाई मी... पण नाही! सगळी भाऊबंदकी माझ्याकडे अशी बघतेय, जशी मी रोटाच्या पिठात चपलेसकट पाय घातला! तुम्हाला सांगते, खरं बोलून बोलून घसा बसला माझा, पण माझं ऐकतो कोण!

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं काय आभाळ कोसळलं? कोसळलं! ऐका. आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठाला. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी. नथ, डोळे, हिरवं पातळ, सगळं लेवून पाटावर बसते, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत गिरणेवर न्यायची, आंघोळ घालून घरी आणायची आणि मग रोट. रोट म्हणजे साधी पोळी नाही हां! घरातल्या माणसामाणसाच्या नावाने मुठीने गहू घ्यायचा, तो दळायचा, त्याचे रोट, आणि ते खायचे फक्त कुळाने. बाहेरच्याला घास नाही. घास सोडा, नजर नाही! माझी सख्खी लेक धुळ्याला दिली, लग्न झालं की तीसुद्धा बाहेरची, रोटाच्या वेळी आली तर ओट्यावर बसते बिचारी. हात धुतलेलं पाणीही मोरीत सोडत नाही आम्ही, अंगणात खड्डा करून त्यात ओततो. एवढं कडक! आणि ही देवी बसते कुठे? माझ्या घरात. सासूने जाताना नारळ माझ्या ओटीत घातला, म्हणाली, हिला सांभाळ, ही गेली तर घर गेलं. तेव्हापासून मी सांभाळतेय.

आणि तेच आमच्या कोकिळाबाईंच्या डोळ्यात खुपतं. कोकिळा माझी धाकटी जाऊ. माझा दीर प्रेमराज, त्याचं चाळीसगावला दुकान, टाईल्सचं घर, देवघराला रंगीत दिवे, ते लुकलुक लुकलुक करतात, देवाला झोप यायची नाही. दरवर्षी तिचं एकच... "वहिनी, तुमचं आता वय झालं, पुढच्या वर्षी कानबाई आमच्याकडे बसवू नं, तिकडे एसीसुद्धा आहे." अगं, एसी कशाला? नारळाला घाम येतो का?

बरं. यंदा भांडण सुरू झालं ते मोबाईलवरून. सुरतेचे भाऊबंद येऊ शकले नाहीत, ते म्हणाले, व्हिडिओ कॉलवर दर्शन द्या. कोकिळा म्हणाली, द्या. मी म्हटलं, देवी काय पाहुण्यांना दाखवायची मुलगी आहे का, की जरा वळून दाखव, जरा हसून दाखव? मग गेलं प्रकरण वना आबांकडे. वना आबा म्हणजे माझे चुलत सासरे, कुळातले सगळ्यात मोठे, त्यांचा शब्द पडला की पडला. आबांनी डोळे मिटले, मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला... "आरती दखाडा, मिरवणूक दखाडा. रोट दखाडानं नही! रोटना टाइमले बठ्ठा मोबाईल टोपलीम्हा!" म्हणजे आरती दाखवा, मिरवणूक दाखवा, रोटाच्या वेळी सगळे मोबाईल टोपलीत. मला पटलं. मीच भाकरीची टोपली रिकामी करून दिली, वर धुतलेलं फडकं घातलं.

आणि टाकले सगळ्यांनी. पोरींनी तर असे टाकले, जसं लेकरू पाळणाघरात सोडतात, परत परत वळून बघतात. आबांनीही टाकला, बटणाचा जुना, रबर लावलेला. दिवाळीत प्रेमराजने नवीन मोठा घेऊन दिला होता, पण आबा म्हणाले, "तो घर शे, चार्जिंगले." घरी आहे म्हणे. राहिला कुणाचा? माझा! माझा कोनाड्यात होता, कानबाईची गाणी चालू होती त्यावर, डब्याला... त्या गाणी वाजायच्या डब्याला जोडलेला, आणि तोंड भिंतीकडे. भिंतीकडे! भिंतीला काय रोट दाखवतेय मी?

बसली पंगत. आबा पहिल्या ताटावर, मग माझे मालक नवल, मग प्रेमराज, मग बाकीचे. मी रोट वाढतेय, माझी सून नूतन खीर वाढतेय. आणि अचानक टोपली... टोपली बोलायला लागली! घूंऽऽऽ! फडकं थरथरतंय! मधमाश्यांचं पोळं उठावं तसं! नूतनने फडकं उचललं, एक मोबाईल बघितला आणि तिच्या हातातली खिरीची पळी थेट प्रेमराजच्या टोपीवर.

"आई... आपल्या पेजवर आपले रोट लाईव्ह चाललेत."

आमच्या कुळाचं पेज आहे हो, नूतननेच काढलेलं, आणि चालवणारे सगळेच, ज्याच्या मोबाईलात बघावं त्याच्यात ते पेज उघडं, त्यामुळे कुठून काय सुटलं, काही कळत नाही. आणि खाली लिहिलेलं कोणी? माझे धुळ्याचे व्याही, रतिलालभाऊ! "जय कानबाई. रोट छान फुगले. आमच्या वाटचा ठेवा." आमच्या वाटचा! बाहेरच्या माणसाने नुसता बघितला नाही, मागितला! पंगतीतल्या हातातले घास तिथेच थांबले. कुणी गिळेना, कुणी ठेवेना. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि तितक्यात ते लाईव्ह बंद पडलं, आपोआप.

पहिलं तोंड कुणी उघडलं? विचारायचं कशाला?

"सगळ्यांचे टोपलीत," कोकिळा अशी हळूच, साखर पेरत, "बाहेर फक्त कमलवहिनींचा."

म्हटलं, अगं तोंड भिंतीकडे आहे त्याचं! तर म्हणते, "आता असेल." आता असेल! म्हणजे मी रोट वाढता वाढता मोबाईल फिरवला, चित्र काढलं, परत फिरवला? मला काय आठ हात आहेत? माझ्या नवऱ्याकडे बघितलं, म्हटलं बोला की काहीतरी! नवल ताटातला रोट चिमटीने कुसकरत बसलेले. बत्तीस... जाऊ द्या, किती वर्षं झाली ते मोजत नाही मी, पण त्या माणसाने माझ्या बाजूने तोंड उघडलं ते फक्त जांभई द्यायला. माझं ऐकतो कोण!

मग मी म्हटलं, लावा. लावा तो व्हिडिओ परत, बघू सगळे. लावला. चित्र असं हलतंय, वर, खाली, वर, खाली, जसं कुणी घास घ्यायला वाकतंय. रोट दिसतात, खीर दिसते, मी वाढताना दिसते... मी दिसते! अहो, मी दिसते तर मी काढणारी कशी? कोकिळा म्हणे, "कोनाड्यातून." कोनाड्यातून चित्र वाकतं का? आणि मग, तुम्हाला सांगते, त्या व्हिडिओत आली एक ढेकर. अशी तशी नाही. ऑंऽऽऽव्! मोबाईलच्या अगदी कानात दिल्यासारखी, शेवटाला "हरी हरी" म्हटलेली. अख्ख्या तालुक्यात अशी ढेकर एकाच माणसाची आहे.

मी बोलून गेले. "ही आबांची ढेकर आहे."

देवा रे! जसं मी देव्हाऱ्यावर दगड मारला! प्रेमराज उठून उभा, टोपीवरून खीर गळतेय... "वहिनी! आबांवर आळ?" कोकिळा डोळ्याला पदर. म्हाताऱ्या चुकचुकल्या. आणि आबा? आबांनी माझ्याकडे बघितलं, मग छातीवर हात ठेवला, बंडीच्या खिशावर, जरा चाचपलं, जरा दाबलं, म्हणाले, "मना मोबाईल ते टोपलीम्हा शे, माय." आणि दाखवला तो बटणाचा. झालं! मिटलं! पुरावा! मी ओरडतेय, ढेकर ऐका, ढेकर ऐका, पण माझं ऐकतो कोण!

मग बसली बैठक. तिथेच, ताटं तशीच. आमच्यात रीत आहे, रोटात चूक झाली की चुकणाऱ्याचं नाव कानबाईसमोर मोठ्याने घ्यायचं, सगळ्यांनी मिळून, तेव्हा देवी पदरात घेते. नाव नाही घेतलं तर दोष सगळ्या कुळावर. आणि कोकिळा म्हणाली, ज्या घरात एवढं झालं तिथे देवी कशी ठेवायची? चाळीसगावला न्यावी. आमच्याकडे कॅमेरे लावलेत, कोण काय करतं सगळं दिसतं. आणि माना हलायला लागल्या हो! ज्यांच्या पंगती मी वाढल्या, ज्यांची लेकरं माझ्या मांडीवर झोपली, त्यांच्या माना हलायला लागल्या! पाटावर कानबाई बसलेली, नथ जरा वाकडी झालेली, म्हटलं सरळ करावी, तर कोकिळा पुढे झाली, "राहू द्या वहिनी, आता आम्ही बघू."

आम्ही बघू! माझ्या घरात! मी मागे सरकले आणि भिंतीला टेकले.

आबा उठले, नाव घ्यायला. घसा खाकरला. "बठ्ठा आयका," म्हणाले, "नाव लेवानं ऱ्हास तर लेवानंच..."

घूंऽऽऽ!

परत टोपली! आता कुणी हलेना. शेवटी नूतनने एक मोबाईल कानाला लावला, तर पलीकडे रतिलाल व्याही, एवढ्या मोठ्याने की सगळ्या पंगतीला ऐकू गेलं... "अहो, आबांना सांगा, आवाज मस्त येतोय, पण चित्रात नुसती शिवण दिसते! खिशातून जरा वर काढायला सांगा!"

मी कशी पोहोचले मला माहीत नाही. आबांच्या बंडीच्या खिशात हात घातला आणि काढला तो! नवा! मोठा! गरम! आणि त्यात मी, माझंच तोंड एवढं मोठं, केस सुटलेले, आणि खालून लाल बदाम वर उडतायत. सगळ्या जगाने बघितलं, मी सासऱ्याच्या खिशात हात घालतेय!

"आबा!" प्रेमराजचा आवाज फुटला.

आणि आबा, कुळातले सगळ्यात मोठे आबा, लहान पोरासारखे... "मी ते बंद करं! कीर्तन चालू व्हतं, रोट वाढाले लागनात, म्हनीसनी लाल बटन दाबं. लाल बटन दाबं का बंद व्हस नं!" हो की! रोट आले म्हणून कीर्तन बंद करायला लाल दाबलं, बटणाच्या मोबाईलात लाल म्हणजे बंद. आणि ह्या नव्यात लाल म्हणजे साऱ्या दुनियेला चालू. पहिल्यांदा बंद केलं तेव्हा चालू झालं, घासाबरोबर हलून हलून कसंतरी बंद पडलं, आणि मी ढेकरीचं नाव काढल्यावर घाबरून खात्रीसाठी परत लाल दाबलं!

मी म्हटलं, आता? आता बोला! कोकिळाने पदर डोळ्यावरून काढला तो डोक्यावर घेतला. आबा खाली बसले, तोंड उतरलेलं, म्हणाले, "कानबाई आठेच ऱ्हाई. ह्याच घरम्हा." इथेच! माझ्या घरात! मी तशीच उठले आणि आधी नथ सरळ केली.

पण नाव? नाव तर घ्यायचंच होतं. आबांचं घेणार कोण? मोठ्या माणसाचं नाव, तेही देवीसमोर? मग कुणीतरी म्हटलं, आबांचा काय दोष, त्यांना हा मोबाईल दिला कुणी? सगळे प्रेमराजकडे. प्रेमराज म्हणे, मी बोलण्यापुरता दिला, त्यात पेज घातलं कुणी? सगळे नूतनकडे. नूतन पदराचं टोक पिळतेय, पिळतेय, म्हणाली, "मला आईंनी सांगितलं. म्हणाल्या, आबा दिवसभर आपल्या ओट्यावर बसून चहा मागतात, त्यांच्या मोबाईलात कीर्तन-बिर्तन, आपलं पेज घालून दे, गुंतून राहतील."

आणि माझे मालक, सकाळपासून मुके झालेले नवल, हात वर करून म्हणाले, "हां हां, सांगितलं होतं. मी होतो तिथे."

आबांनी हात जोडले. सगळी भाऊबंदकी उभी राहिली, कोकिळा सगळ्यात पुढे. मी समोर कानबाईकडे बघतेय, कानबाई माझ्याकडे. आणि सबंध कुळाचं, पिढ्यान् पिढ्यांत कधी एकमत झालं नव्हतं ते झालं, एका आवाजात, ओट्यापलीकडे जाईल असं... कमलबाई!