कोंबडा रुळवायचा म्हणजे...

...नाही, मला एक सांगा, कोंबडा आणला कोणी? ह्यांनी! मला विचारलं? छे! पिशवी हलवत आले, पिशवीतून लाल तुरा बाहेर डोकावतोय, आणि म्हणतात कसे, "अगं, आईला पिल्लं हवीत ना, म्हणून आणला." अहो, परसात माझ्या कोंबड्या गुण्यागोविंदानं नांदत होत्या! त्यांच्यात हे मिसरूडही न फुटलेलं पोरगं सोडायचं, आणि निस्तरायचं कोणी? मी!

तुम्हाला सांगते, आमच्या कोंबड्या म्हणजे साध्यासुध्या नव्हेत. त्यांच्यात एक बाईसाहेब आहेत. ठिपक्यांच्या, अंगानं भरलेल्या. त्यांनी पहिला दाणा टिपल्याशिवाय बाकीच्यांची चोच खाली जात नाही. त्यांनी ह्या पोराकडे एकदा मान तिरकी करून असं बघितलं... अहो, मीच दोन पावलं मागे सरले!

मग हे फोनमध्ये तोंड घालून वाचायला बसले. "नव्या पक्ष्याला एकदम सोडायचं नाही. मध्ये जाळी लावायची. आधी नुसतं एकमेकांना बघू द्यायचं. दाणापाणी वेगळं ठेवायचं. नव्या जागी जीव घाबरतो गं त्याचा." आवाज काय मऊ! लोणी नुसतं! म्हटलं, "मला आणलंत तेव्हा लावली होतीत का जाळी? दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापुढे उभी केलीत, आणि तुमची आई, आत्या, बहीण, तिघी कमरेवर हात ठेवून मी कांदा कसा चिरते ते बघत होत्या! तेव्हा नाही कोणाचा जीव घाबरला?" तर म्हणतात, "विषय कुठला, तू नेतेस कुठे!"

बरं, जाळी बांधली कोणी? मी! तारेनं बोटं सोलून निघाली. पोरगं जाळीमागे अंग चोरून उभं, आणि पलीकडे बाईसाहेब फेऱ्या मारतायत. पण जरा जरा निवळत होतं हो! जाळीला लागून दोन्ही बाजूंना दाणे टाकायचे मी, म्हणजे शेजारी शेजारी खातील. खायलाही लागले होते! आणि ह्यांनी काय करावं? ह्यांची स्कूटर जाळीमागे. जाळी सोडली, स्कूटर काढली, आणि गेले! जाळी तशीच उघडी!

पुढचं काय सांगू... सगळ्या मिळून तुटून पडल्या त्याच्यावर! पिसं उडतायत, तुऱ्यातून रक्त येतंय, आणि ते पोरगं ओरडत थेट स्वयंपाकघरात, सिलिंडरमागे! मलम लावलं कोणी? मी! लादी पुसली कोणी? बोलू नका, माझं डोकं फिरेल!

संध्याकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, तुम्ही ना त्याला फार लाडावता, म्हणून कोंबड्या चिडतात हं." अगं बये, तू ये ना इकडे! आणि सासूबाई आतून, शांतपणे, "रविवारपर्यंत बघू. नाही रुळला तर मोठं पातेलं काढ." पातेलं! अहो, माझ्या हातून दाणे खातो तो! पाऊल वाजलं की मान वर करतो! त्याला पातेल्यात?

मी पुन्हा जाळी बांधली. पुन्हा दाणे. रोज दोन्हीकडे फेऱ्या घालत बसले. आणि रविवारी, देवाचं नाव घेऊन, सकाळी जाळी काढली. दाणे अंगणभर विखरून टाकले, म्हणजे चोची कामात राहतील, आणि हातात केरसुणी घेऊन उभी राहिले. म्हटलं, बाईसाहेब, आज तुम्ही आहात नाहीतर मी आहे!

पोरगं भिंतीकडेनं पुढे आलं. माती उकरली. हा एवढा लठ्ठ किडा निघाला! आणि तुम्हाला सांगते, खाल्ला नाही त्यानं. चोचीत उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि कुट् कुट् कुट् कुट् करून हाका मारायला लागला. या, जेवायला या! बाईसाहेब थबकल्या. मान तिरकी. आल्या डुलत डुलत... आणि किडा मटकावला! चोच मारली नाही, काही नाही, तिथेच त्याच्या शेजारी माती उकरायला लागल्या! पोरगं उपाशी, पण छाती बघा त्याची, ही फुगलेली! माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. वाचला हो माझा कोंबडा!

तशीच धावत आत गेले. हे जेवायला बसलेले. म्हटलं, "अहो, ऐकलंत का, त्यानं स्वतः न खाता आधी तिला दिलं हो! आधी तिला!" तर तोंडातला घास न गिळता म्हणतात, "हो? गुणी आहे. जरा भाजी वाढ."

वाढली. काय करता... नवा आहे ना कोंबडा अजून. जरा रुळू दे घरात, मग तोही शिकेल बसल्या जागी मागायला.